सुनेचे सतरा आठवडे

निज श्रावणातला पहिला रविवार. रक्कम पाचशे एक रुपये, सुनेच्या ओटीत घातलेली. हजर: मी, माझी सून, तिची आई, आणि माझी धाकटी जाऊ, जिला मी बोलावलं नव्हतं.

चोरचोळीला बोलावणं करायचंच नसतं. आमच्याकडे पहिलटकरणीचा तिसरा महिना पुरा होईस्तोवर बाहेर कुणाला कळू देत नाहीत. तिसरा झाला की दार लोटून घ्यायचं, हिरवी चोळी, हिरव्या बांगड्या, पाच फळं, तांदूळ, बस. नजर लागायला दुसऱ्याचे डोळे लागतात, म्हणून घरातल्याच दोघी-तिघी. मी मागचं दार लावलं होतं. दुकानाकडचं नुसतं लोटलं होतं, कारण रविवारी सकाळी गिऱ्हाईक येतं. जाऊ त्याच दाराने आत आली. अंगावर निळी साडी, काखेत रजिस्टर. तिने आल्या आल्या सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं, तिच्या हाताची नखं दाबून पाहिली आणि मला म्हणाली, "झाली ना आता चोळी? बुधवारी उपकेंद्रात नाव लावू."

मी म्हटलं, तिसरा कालच पुरा झाला आहे, घाई काय आहे. ती सुनेकडे पाहत राहिली. सुनेची आई मधेच म्हणाली की पोरीचा रंग असा पांढरा कधी नव्हता. मी म्हटलं, पहिल्या महिन्यांत असंच होतं.

हे सगळं मी आज लिहिते आहे ते रीत सांगायला नाही. रीत पुष्कळांना ठाऊक आहे. मी लिहिते आहे कारण त्या वर्षी माझ्या सुनेचं नाव वेळेत नोंदवलं गेलं नाही, आणि त्याचं खरं कारण चोरचोळी नव्हतं. मी होते.

आमचं गाव आदिलाबादकडे, बाजारहत्नूरच्या बाजूला आहे. घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान. माल आणायचं काम आमच्या मालकांचं, विकायचं आणि लिहायचं माझं. मी सातवी शिकलेली आहे, पण बेरजेत मला कुणी पकडलेलं नाही. दुकानात भिंतीवर मराठी कॅलेंडर असतं, दर पाडव्याला नवं. त्या कॅलेंडरमुळे गल्लीतल्या बाया माझ्याकडे यायच्या. कोणाची पाळी चुकली की ती साबणाची वडी घ्यायच्या निमित्ताने यायची, बाकीची गिऱ्हाइकं जाईस्तोवर थांबायची आणि मग हळूच म्हणायची, "बाई, जरा पाहा बरं." मी तिथी विचारायची. कॅलेंडरवर बोट ठेवून महिने मोजायची आणि सांगायची: अमुक महिन्यात, अमुक पंधरवड्यात. एकवीस जणींचे दिवस मी असे मोजून दिले. एकोणीस जणी आठ दिवसांच्या आतबाहेर बाळंत झाल्या. दोन चुकल्या. मी त्याचा एक पैसा घेतला नाही. एकीने नारळ आणून दिला, तो मी घेतला.

मग धाकटी जाऊ आली. ती दहावी पास. लग्नानंतर चार वर्षांनी तिला गावची आशा नेमलं. पहिल्या वर्षी तीच माझ्याकडे यायची. "जाऊबाई, आपल्या गल्लीत कोण कोण आहे?" म्हणून विचारायची आणि मी सांगायची ते लिहून घ्यायची. मला बरं वाटायचं. तिच्या रजिस्टरची पहिली आठ नावं माझ्या तोंडून गेलेली आहेत. दुसऱ्या वर्षी ती कमी येऊ लागली, तिसऱ्या वर्षी आलीच नाही. तिला गरज उरली नव्हती. बाया थेट तिच्याकडे जात. माझ्या दुकानावरूनच रस्ता आहे. दोन रुपयांची शाम्पूची पुडी घ्यायच्या, पुढे जायच्या, आणि तिच्या ओट्यावर अर्धा अर्धा तास बसायच्या. मी काउंटरवरून मोजत असे. एका महिन्यात सहा जणी गेल्या. माझ्याकडे एकही आली नाही.

याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. माझा जळफळाट होत होता. ती काही वाईट करत नव्हती. तिने माझं काही हिरावून घेतलं असंही नाही, कारण मी जे देत होते ते कुणी विकत घेत नव्हतं. तरी तिची आशाची निळी साडी दोरीवर वाळत घातलेली दिसली की माझं एखादं माप चुकायचं. साखर पावशेर मागितली तर मी तीनशे ग्रॅम टाकून परत काढायची.

माझ्या मुलाचं लग्न झालं, सून किनवटकडची आली. गुणाची आहे, कमी बोलते. पहिल्या वर्षी तिला दिवस राहिले आणि दोन महिन्यांच्या आतच पडलं. बाहेर कुणाला सांगितलेलंच नव्हतं, त्यामुळे कुणाला सांगायचं कामही पडलं नाही. मी तेव्हा तिला समजावलं होतं. काय म्हणून समजावलं ते पुढे येईल.

त्या वर्षी अखजीच्या दिवशी सून बाहेर बसली. पितरांच्या घागरीचा सगळा स्वयंपाक मी एकटीने केला, म्हणून तो दिवस माझ्या पक्का ध्यानात राहिला. वैशाख शुद्ध तृतीया. ज्येष्ठात ती बाहेर बसली नाही. मी कॅलेंडरवर पेन्सिलने बारीक टिंब केलं. आषाढ लागला, तरी नाही. दुसरं टिंब. मी काही विचारलं नाही. मला तिने येऊन सांगायला हवं होतं. सासू म्हणून नाही, खरं सांगते, मोजणारी म्हणून. या घरात माझ्याइतकं नेमकं कोण सांगणार होतं तिला?

गुरुपौर्णिमेला दुपारी ती दुकानात येऊन काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहिली. मी वहीत मान घालून होते. ती म्हणाली, "आई, मले वाटते की..." मी म्हटलं, मला ठाऊक आहे, अखजीपासून धर. तिसरा चालू आहे, पुरा झाला की चोळी करू. तोवर कुठे बोलायचं नाही. तिने मान हलवली. त्या दिवशी मी फार खूश होते. संध्याकाळी मालकांना गुळाचा शिरा करून घातला आणि कारण सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात जाऊ चहापत्ती घ्यायला आली. सुट्टे पैसे मोजता मोजता म्हणाली की आजकाल बारा आठवड्यांच्या आत नाव लागलेलं बरं असतं. रक्त पाहतात, वजन पाहतात, काही कमी असलं तर वेळ हातात राहतो. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोणी असलं जाऊबाई, तर सांगजा." मला वाटलं, खडा टाकून पाहते आहे. मी म्हटलं, कोणी नाही. तिने चहापत्तीची पुडी उचलली आणि गेली.

आता मोजणीची गोष्ट. वैशाख तृतीयेपासून तिसरा महिना पुरा होणार होता तो श्रावण तृतीयेला. पण त्या वर्षी श्रावण दोन आले. पहिला अधिक, म्हणजे धोंड्याचा, आणि दुसरा निज, म्हणजे खरा. तिसरा पुरा व्हायच्या दोन दिवस आधी धोंड्याचा महिना लागला. धोंड्यात चोळी होत नाही, साखरपुडा होत नाही, कसलंच शुभ काम होत नाही. आणि माझ्या सासूबाईंनी मला शिकवलं होतं की धोंड्याचा महिना पोटात धरायचा नाही. तो महिना देवाचा, माणसाच्या हिशेबात येत नाही. मी ते कधी तपासून पाहिलं नव्हतं. सासूबाईंकडून घेतलेलं माप होतं, तेच वापरत होते. त्यामुळे माझ्या हिशेबात माझी सून पूर्ण एक महिना जिथे होती तिथेच उभी राहिली.

मुलाने एकदा विचारलं की आदिलाबादला डॉक्टरला दाखवून आणू का. मी म्हटलं, धोंडा जाऊ दे. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, हा तुम्हा बायांचा कारभार, मी काय सांगू. इथपर्यंत मी रीतीने चालले होते असं म्हणता येईल. पुढचं मात्र रीतीवर ढकलता येणार नाही.

धोंड्याच्या पाचव्या दिवशी मी सुनेच्या खोलीतल्या फळीवरून पाहुण्यांच्या कपबशा काढत होते. कपबशांच्या मागे बांगड्यांचा डबा होता, तो कलंडला आणि त्यातून गोळ्यांच्या पट्ट्या पडल्या. बारीक पिवळ्या गोळ्या. दहाच्या तीन पट्ट्या, दोन पूर्ण रिकाम्या, तिसरीत सात शिल्लक. अशा गोळ्या मी जावेच्या पिशवीत पाहिलेल्या होत्या. दिवस राहिलेल्या पोरींना ती सुरुवातीला याच देते.

तीस वजा सात, तेवीस. दिवसाला एक. मी बोटांवर मागे मोजत गेले. एकदा मोजलं, मग कॅलेंडरजवळ जाऊन पुन्हा मोजलं. सुनेने गोळ्या सुरू केल्या त्या दिवसाला आणि गुरुपौर्णिमेला तीन दिवसांचं अंतर होतं. म्हणजे तिने जावेला माझ्या तीन दिवस आधी सांगितलं होतं. आणि जाऊ चहापत्ती घ्यायला आली, "कोणी असलं तर सांगजा" म्हणाली, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. मी तिच्या तोंडावर "कोणी नाही" म्हणाले होते आणि तिने ते मुकाट ऐकून घेतलं होतं.

तीन दिवस म्हणजे काय मोठंसं? पण मला ते तीन दिवस गिळवेनात. मी पट्ट्या होत्या तशा डब्यात ठेवल्या, डबा होता तसा ठेवला. सुनेला काही बोलले नाही. जावेलाही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी ती तेल घ्यायला आली तर काटा अगदी मधोमध येईस्तोवर थेंब थेंब ओतत राहिले आणि वरचा एक रुपया सोडला नाही. ती हसली. "आज लय बारीक मोजून राह्यल्या जाऊबाई." मी म्हटलं, "मोजणं माझं कामच आहे."

उपकेंद्राच्या रजिस्टरात नाव लिहिणं म्हणजे शुभकार्य नव्हे. त्याला मुहूर्त लागत नाही, धोंड्याची आडकाठी नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. त्या महिनाभरात मी कोणत्याही बुधवारी तिला घेऊन जाऊ शकत होते. मी नेलं नाही, कारण नेलं असतं तर जावेच्या रजिस्टरात नाव गेलं असतं, तिच्या हातचं, तिच्या अक्षरातलं. मला वाटलं, तीन दिवस तू आधी, तर महिनाभर मी नंतर. इतकं बालिश होतं ते.

त्या महिन्यात सून उतरत गेली. दुकानाच्या तीन पायऱ्या चढली की ती काउंटरला हात लावून थांबायची. तांदळाच्या डब्याचं वजन मी दर आठवड्याला पाहते, तर दिवसाला मूठभर कमी भरू लागलं. एक दिवस ती आत उभी राहून कच्चे तांदूळ चावताना दिसली. मी म्हटलं, डोहाळे आहेत, खाऊ दे. त्या महिन्याचा तांदूळ पावणेदोन किलो जास्त लागला, तेही मी लिहून ठेवलं. पोरीला काय होतंय ते मात्र मी कुठे लिहिलं नाही.

म्हणून निज श्रावणातल्या त्या रविवारी जाऊ न बोलावता आली. तिने वाट पाहिली होती. धोंडा संपला, तिसरा "पुरा" झाला, चोळी झाली, आता माझ्याकडे कारण उरलं नव्हतं.

बुधवारी आम्ही तिघी उपकेंद्रात गेलो. मी मुद्दाम बरोबर गेले. बाकावर गावातल्या चार-पाच बाया बसलेल्या होत्या. नर्सबाई तेलुगू, पण आमच्याकडे इतकी वर्षं राहून तिला मराठी कळतं, मोडकंतोडकं बोलतेही. तिने सुनेला शेवटच्या पाळीची तारीख विचारली. सून बोलायच्या आधी मी म्हटलं, अखजीचा दिवस. जावेने मोबाइलमध्ये पाहून इंग्रजी तारीख सांगितली. नर्सबाईने टेबलाच्या खणातून पुठ्ठ्याचं एक गोल चक्र काढलं, दोन चकत्या एकमेकींवर फिरवल्या आणि कार्डावर लिहिलं: सतरा आठवडे, चार दिवस.

मी म्हटलं, "चूक आहे. तेरा."

तिने चक्र पुन्हा फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. "सतरा, अम्मा. चार महिने होऊन गेले."

मी म्हटलं की मी महिने मोजण्यात कधी चुकत नाही. वैशाख ते ज्येष्ठ एक, आषाढ दोन, श्रावण तीन, वर चार दिवस. नर्सबाईला माझं बोलणं समजेना. तिने जावेकडे पाहिलं. जाऊ पुढे आली. तिने मला हळू आवाजात विचारलं, पण ते बाकापर्यंत गेलंच.

"जाऊबाई, धोंड्याच्या महिन्याची उधारी सोडता का तुमी?"

बाकावरच्या बाया हसल्या. त्यातल्या दोघींची उधारी माझ्या वहीत होती आणि धोंड्याच्या महिन्यात मी ती दोनदा मागितली होती. एक म्हणाली, "कायची सोडते बाई, गुळाचा खडाही लिहिते." मी पण हसल्यासारखं केलं. पण डोक्यात लख्ख उजेड पडला होता. उधारीत तीस दिवस धरायचे आणि पोटात धरायचे नाहीत, हा हिशेब कुठल्याच वहीत बसत नव्हता. पोटातलं पोर धोंडा लागला म्हणून थांबत नाही.

घरी आल्यावर मी माझ्या चुकलेल्या दोन जणी आठवून पाहिल्या. दोघी महिनाभर आधी बाळंत झाल्या होत्या. मी तेव्हा म्हटलं होतं, बाईनेच तिथी चुकीची सांगितली. दोन्ही साली धोंड्याचा महिना आलेला होता. एकीला रात्री बैलगाडीत, वाटेवरच बाळंत व्हावं लागलं होतं, कारण माझ्या सांगण्यावरून तिच्या घरच्यांनी काही तयारीच केली नव्हती. मी ते तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं.

उपकेंद्रातलं मात्र अजून संपलं नव्हतं. नर्सबाईने सुनेच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब घेतला. आकडा आला सात पॉइंट दोन. मला आकडे समजतात, पण हा आकडा कशात धरायचा ते मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, किती पाहिजे. नर्सबाई म्हणाली, अकरा. मी म्हटलं, म्हणजे जवळपास चार कमी. ती म्हणाली, अम्मा, तेच सांगते आहे. पाच-सहा आठवडे आधी आणलं असतं तर तेव्हाच कळलं असतं आणि त्या बेताने औषध सुरू झालं असतं. आता नुसत्या गोळ्यांवर भागायचं नाही, आदिलाबादच्या दवाखान्यात रक्तवाढीचं सलाईन लावावं लागेल, चार-पाच वेळा. तसं झालं नाही तर बाळंतपणात पोरीच्या जिवाला धोका. हे सगळं तिने माझ्याकडे बघून सांगितलं, सुनेकडे नाही. मग कार्डावरचं पुढचं घर भरायला विचारलं, आधीचं काही? मी कार्डाकडे बघत राहिले. सून म्हणाली, "एक पडलं." जावेच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तेही तिला माहीत होतं.

परतताना जाऊ तिच्या घराकडे वळली. आम्ही दोघी चालत राहिलो. सून दोनदा थांबली, दम खायला. दुसऱ्या वेळी लिंबाखाली थांबलो तेव्हा मला राहवलं नाही. मी विचारलं, "काकूला काऊन आधी सांगितलं? मी काय परकी होती?"

ती लिंबाच्या बुंध्याला टेकली. मग म्हणाली, "गेल्या बारीला पडलं तवा तुमी मोजलं, आई. म्हणल्या, बावन्नच दिवसांचं होतं, एवढं रडाले काय झालं. मी बावन्न दिवस त्याच्याशी बोलत होती."

मी तिला धीर द्यायला म्हणाले होते ते. असं मी तेव्हा समजले होते. ती पुढे म्हणाली, "काकू मोजत नाही. आधी इचारते, जेवली का." आणि ती चालायला लागली.

मला वाईट वाटलं, हे खरं. पण लिहायचं तर सगळं लिहायला हवं: त्या वाईट वाटण्यातही मला जावेचाच राग आला. ती काय मोजत नाही? दर महिन्याला वजनं, गोळ्या, तारखा, सगळं तिच्या रजिस्टरात असतं. माझ्यापेक्षा जास्त मोजते ती. पण ती मोजते ते कुणाला टोचत नाही. हे ती कुठे शिकली आणि मी का शिकले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

सलाईनच्या पाच खेपा झाल्या. पहिल्या खेपेला मी म्हटलं, मी नेते. सून म्हणाली, तिथे तेलुगू लागतं, काकूला येतं. ते खरंच होतं. मग दर खेपेला सकाळी त्या दोघी ऑटोने मोठ्या रस्त्यापर्यंत, तिथून बसने आदिलाबादला आणि दिवस मावळता परत. जाण्यायेण्याचं एका माणसाचं भाडं एकशे चाळीस. मी दर खेपेला सुनेच्या हातात एकशे चाळीस द्यायची. दोनशे ऐंशी नाही. जावेचं भाडं जावेचं, तिला तिच्या कामाचं काही मिळतच असेल, असं मी मनाशी धरलं होतं. मिळतं की नाही हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित द्यावं लागलं असतं.

संध्याकाळी त्या परत यायच्या तेव्हा मी काउंटरवर असायची. लांबूनच त्यांचं हसणं ऐकू यायचं. काय एवढं हसत असतील सलाईन लावून येताना? एकदा सुनेच्या हातात शेंगदाण्याच्या चिक्कीची पुडी होती. माझ्या दुकानात चिक्की आहे. तीच, त्याच भावाची. जावेने आदिलाबादहून घेऊन दिली होती. मी त्या रात्री जेवले नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

कार्तिकात रक्त नऊ पॉइंट सहा झालं. सून पायऱ्या न थांबता चढू लागली. तांदळाचा डबा पुन्हा बरोबर भरू लागला. मी स्वतः होऊन कॅलेंडरवरची पेन्सिलीची टिंबं खोडली आणि चक्राने सांगितलेली तारीख पेनने लिहिली. माझ्या जुन्या हिशेबाने माघ निघत होता, चक्राने पौष.

पौषात चक्राच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुनेला कळा लागल्या. पिशवी आधीच भरून ठेवलेली होती, म्हणून गाडी आली तशा निघालो. दवाखान्यात बाळंतिणीजवळ एकच बाई थांबू देतात. दारात बाईने विचारलं, कोण थांबणार? मी पाऊल पुढे टाकलं होतं. सुनेने कळ येता येता डोळे मिटले आणि "काकू" म्हणाली. जाऊ माझ्याकडे बघायला वळली. मी पिशवी तिच्या हातात दिली. बाहेर बाकावर मी सुनेच्या आईशेजारी पाच तास बसले. तिच्या आईने मला दोनदा चहा आणून दिला.

मुलगी झाली. दोन किलो चारशे. सुनेला रक्त चढवावं लागलं नाही. जावेने बाळ बाहेर आणलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "घ्या, मोजा बोटं." मी मोजली. दहा आणि दहा. तिने टोमणा मारला होता की मान दिला होता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाराव्या दिवशी बारसं केलं. बाया आल्या, पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. सुनेने बाळ पाळण्यात घालायला आधी मला बोलावलं, मग काकूला. ती बरोबर वागली, पण तो क्रम तिने विचार करून लावला होता हे मला दिसलं, आणि विचार करावा लागला याचंही मला लागलं. माझा हा स्वभाव आता जायचा नाही असं वाटतं. परवाही एक नवी नवरी दुकानात आली, साबण घेतला, थोडी घुटमळली. मीच म्हटलं, पुढच्या गल्लीत निळी साडी वाळत असेल, त्या घरी जा, आजच जा. ती गेली. मला बरं नाही वाटलं. पण पाठवलं.

बारशाच्या बाया गेल्यावर जाऊ भांडी विसळत होती. मी गल्ल्यातून पैसे काढले आणि तिच्यापुढे धरले. "हे काऊन?" ती म्हणाली. मी म्हटलं, "आदिलाबादच्या पाच खेपा, तुझं भाडं. एकशे चाळीसप्रमाणे." मला वाटलं होतं ती नको म्हणेल. मग मी आग्रह करीन, ती पुन्हा नको म्हणेल, आणि शेवटी मोठी मीच ठरेन. तिने पदराला हात पुसले, शंभराच्या सात नोटा माझ्यासमोर एकेक करून मोजल्या, "बरोबर आहेत" म्हणाली आणि कमरेच्या बटव्यात ठेवल्या.

दिले सातशे रुपये, रोख, धाकट्या जावेला.